मुलाच्या हाती पहिली रायफल देण्यापूर्वी

विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पहाटे हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात कारखान्यांत आणि कचेऱ्यांत रजेचे अर्ज साचतात, पेट्रोलपंपांवर नारिंगी जाकिटांची गर्दी होते आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत कोण कोणत्या मचाणावर बसणार याच्या गप्पा रंगतात. पेनसिल्व्हेनियात तर थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी आजही अनेक शाळांना सुट्टी असते. अशा गावात वाढणारे एखाद्या मराठी घरातले मूल कधीतरी मित्राच्या घरून परत येते आणि जेवणाच्या टेबलावर सांगते, की मलाही या वर्षी हरणाच्या शिकारीला जायचे आहे.

त्या क्षणी बहुतेक आईवडील निरुत्तर होतात. त्यांच्या लहानपणी बंदूक म्हणजे बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याची दुनळी, एवढाच परिचय. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचे दिवस संपवले आणि शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला सहसा परवाना मिळत नाही. त्यामुळे बापाने मुलाला बंदूक कशी धरावी हे शिकवण्याची परंपरा मराठी मध्यमवर्गीय घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकी शेजाऱ्याला जे ज्ञान आजोबांकडून आपसूक मिळालेले असते, ते स्थलांतरित पालकाला शून्यापासून मिळवावे लागते.

होकार द्यावा की नकार, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे. परंतु होकार द्यायचा ठरला, तर दुकानात जाऊन "मुलासाठी कोणती रायफल चांगली?" असे विचारण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने समजून घेणे आवश्यक ठरते. त्यांतली पहिली गोष्ट अशी, की मुलाची पहिली रायफल ही मुलाची नसतेच. कायद्याने, व्यवहाराने आणि जबाबदारीने ती पालकाची असते. मूल ती पालकाच्या नजरेखाली काही तास वापरते, इतकेच. पुढचे सारे निर्णय या एका वाक्यातून निघतात.

कायदा आणि व्हिसा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेता १८ वर्षांखालील व्यक्तीला रायफल, शॉटगन किंवा त्यांची काडतुसे विकू शकत नाही. खरेदी पालकालाच करावी लागते. स्वतःच्या पैशांनी घेतलेली बंदूक अपत्याला खरीखुरी भेट म्हणून देण्यास संघीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र अल्पवयीन मुलाने ती कधी, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली हाताळावी, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते.

मराठी वाचकांपैकी अनेकांना लागू होणारा मुद्दा व्हिसाचा आहे. ग्रीन कार्डधारकाला रायफल खरेदी करता येते. एच-१बी, एच-४, एल-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला मात्र संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना. परवान्याची मुदत संपली, की हे संरक्षणही संपते आणि कपाटातली रायफल गुन्ह्याची वस्तू ठरू शकते. 'बाळगणे' याचा अर्थ केवळ मालकी असा नाही. मित्राची बंदूक घटकाभर हाती घेणेही त्यात मोडू शकते. मूल जन्माने अमेरिकी नागरिक असले, तरी घरातल्या बंदुकीचा ताबा पालकाकडेच असतो. अपात्र व्यक्तीसाठी ग्रीन कार्डधारक मित्राने स्वतःच्या नावावर बंदूक घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अशा प्रकरणात शिक्षेच्या जोडीला स्थलांतराचा सारा प्रवासच धोक्यात येतो. म्हणून तात्पुरत्या व्हिसावरील कुटुंबाने दुकानाची पायरी चढण्याआधी या विषयातील वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न राज्याचा. हरणासाठी रायफल वापरण्याची मुभा सर्वत्र नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत हरणासाठी रायफल चालत नाही. तेथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण वापरावा लागतो. शिवाय रायफल वा शॉटगन विकत घेण्याआधी खरेदीदाराचे ओळखपत्र काढणे बंधनकारक आहे. मॅसॅच्युसेट्समध्येही हरणासाठी रायफल वर्ज्य आहे. ओहायोत २०१४पासून रायफलींना परवानगी मिळाली, पण ती केवळ सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसे वापरणाऱ्या रायफलींपुरती. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर लागते, व्हर्जिनियात .२३, तर विस्कॉन्सिनमध्ये .२२ कॅलिबरचे सेंटरफायर काडतूसही चालते. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्राने मनापासून केलेली शिफारस आपल्या काउंटीत बेकायदा ठरू शकते, ती अशी. राज्याच्या वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका हीच खरेदीची पहिली यादी.

आधी पालकाचा वर्ग

जवळजवळ प्रत्येक राज्यात नव्या शिकाऱ्याला सुरक्षा-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो बंधनकारक आहे. अपवाद 'मेंटर्ड हंट'चा, म्हणजे मार्गदर्शकासोबतच्या शिकारीचा. या पद्धतीत अभ्यासक्रम न केलेले मूलही शिकारीला जाऊ शकते. २०१७च्या कायद्याने त्यासाठीची दहा वर्षांची किमान वयोमर्यादाही काढून टाकली. परंतु अट अशी, की मार्गदर्शक मुलापासून हाताच्या अंतरावर असला पाहिजे आणि जन्मतारखेची सूट नसल्यास त्याने स्वतः अभ्यासक्रम पूर्ण केलेला असला पाहिजे.

या अटीतला अर्थ स्थलांतरित पालकाने नीट लक्षात घ्यावा. वय किती असावे, याची मर्यादा कायद्याने काढली म्हणजे वयाचा प्रश्न संपला असे नाही. तो पालकाच्या विवेकावर सोपवला गेला. आणि ज्या पालकाला स्वतःलाच बंदूक उघडून ती रिकामी आहे की नाही हे तपासता येत नाही, त्याच्या विवेकाला आधार कसला? म्हणून आईने किंवा वडिलांनी मुलाच्या शेजारी बसून हा वर्ग करणे ही सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे.

या वर्गात शिकवले जाणारे चार नियम आयुष्यभर बदलत नाहीत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे. नळीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला असावे. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करावी. आणि बार उडवण्याचा क्षण येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर असावे. हे चार नियम न सांगता पाळणारे मूल रायफलीसाठी तयार आहे. ज्याला ते पुन्हापुन्हा सांगावे लागतात, त्याला आणखी एक वर्ष थांबवण्यात कमीपणा नाही.

माप: सदऱ्यासारखे, बुटासारखे

आता रायफलीकडे वळू. दुकानातली चर्चा बहुधा काडतुसापासून सुरू होते. ती मापापासून सुरू व्हायला हवी. मोठ्यांचा सदरा अंगात घालून मूल धावू शकेल, पण मोठ्यांची रायफल खांद्याला लावून ते नेम धरू शकत नाही.

रायफलीचा लाकडी किंवा फायबरचा मागचा भाग म्हणजे दस्ता. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर हे या मापातले मुख्य. प्रौढांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते, तर मुलांसाठी केलेल्या रायफलीत बारा ते साडेबारा इंच. पारख सोपी आहे: रिकाम्या रायफलीचा दस्ता मुलाच्या कोपराच्या खोबणीत टेकवावा आणि हात काटकोनात ठेवून बोट चापापर्यंत सहज पोहोचते का, ते पाहावे. ही पारख नोव्हेंबरात वापरायचे जाड जाकीट घालून करावी, कारण तेवढ्या कापडानेही अर्धा-पाऊण इंच अंतर वाढते. दस्ता लांब असला, की मूल मागे झुकून तोल साधते, डोके पुढे ताणते आणि दस्ता खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर येतो. तिथे बसलेला धक्का ते विसरत नाही.

मुले वाढतात, म्हणून दस्त्याच्या टोकाला चकत्या घालून लांबी वाढवता येईल अशी रचना उपयोगी पडते. मॉसबर्ग पॅट्रियटच्या 'सुपर बँटम' दस्त्यात अशी सोय आहे. रूगर अमेरिकनच्या 'कॉम्पॅक्ट' प्रकारात दस्ता मुळातच साडेबारा इंचांचा असतो. सॅव्हेज अ‍ॅक्सिसचाही मुलांसाठीचा प्रकार मिळतो. या रायफली अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांच्या नेहमीच्या निवडी आहेत आणि पहिल्या रायफलीसाठी त्यांहून महाग काही घेण्याचे कारण नाही.

मापाची दुसरी बाजू दुर्बिणीची. रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीतून पूर्ण दृश्य दिसण्यासाठी डोळा तिच्यापासून साधारण साडेतीन-चार इंचांवर असावा लागतो. दस्ता आखूड झाला, की डोळा दुर्बिणीच्या जवळ सरकतो. प्रौढाच्या मापाने बसवलेली दुर्बीण तशीच ठेवली, तर धक्क्याबरोबर तिची कड मुलाच्या भुवईवर आदळते. म्हणून दुर्बीण मुलाला समोर उभे करूनच बसवून घ्यावी. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरेशी असते आणि जंगलात ती तीनपटीवरच ठेवावी. जास्त मोठे दिसणाऱ्या चित्रात हरीण शोधताना नवखे मूल गोंधळते.

तिसरी पारख डोळ्यांची. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा प्रबळ डोळा डावा असतो. दोन्ही हातांनी समोर छोटा त्रिकोण करून त्यातून दूरची वस्तू पाहायला सांगावे आणि एकेक डोळा मिटायला लावावा. ज्या डोळ्याला वस्तू त्रिकोणातच दिसत राहते, तो प्रबळ. हा डोळा डावा निघाला, तर डाव्या खांद्याने शिकवायचे की उजव्या, हे प्रशिक्षकाच्या सल्ल्याने खरेदीपूर्वीच ठरवावे. डावखुऱ्यांसाठीच्या रायफलीचा बोल्ट दुसऱ्या बाजूला असतो, म्हणून हा निर्णय नंतरवर ढकलता येत नाही.

धक्क्याचे गणित

मुलाला शिकारीपासून कायमचे दूर करणारी गोष्ट बहुधा एकच असते: पहिल्याच दिवशी बसलेला धक्का. ज्याला एकदा दुखले, ते मूल पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटते आणि अंग आकसून घेते. नेम तिथेच चुकतो आणि ही सवय मोडायला कित्येक महिने लागतात. प्रश्न केवळ मुलाच्या मनाचाही नाही. चुकलेल्या नेमाची किंमत हरीण मोजते. जखमी होऊन ते झाडीत नाहीसे होते.

धक्क्यामागचे भौतिकशास्त्र शाळेतलेच आहे. गोळी आणि बारुदाचा वायू ज्या संवेगाने पुढे जातात, तेवढाच संवेग रायफलीला मागे मिळतो. संवेग तोच राहिला, तर रायफलीच्या धक्क्याची ऊर्जा तिच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. साडेसात पौंडांची रायफल सहा पौंडांची केली, म्हणजे वजन २० टक्क्यांनी घटवले, तर धक्क्याची ऊर्जा २५ टक्क्यांनी वाढते. "मुलासाठी हलकी रायफल" हा दुकानातला सल्ला कानाला गोड लागतो, पण डोंगर चढायचा नसून मचाणावर बसायचे असेल, तर थोडे वजन हे मुलाचे मित्रच असते. वजनाचा भार टेकूने पेलता येतो. धक्का मात्र खांद्यालाच पेलावा लागतो.

साडेसात पौंडांच्या रायफलीत निरनिराळ्या काडतुसांचा धक्का साधारण असा येतो: .२४३ विंचेस्टरचा दहा फूट-पौंडांच्या आसपास, ६.५ क्रीडमूर आणि ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टनचा तेरा ते पंधरा, .३०८ विंचेस्टरचा सुमारे सतरा आणि .३०-०६ स्प्रिंगफील्डचा वीसहून अधिक. बारा वर्षांच्या सडपातळ मुलाच्या दृष्टीने दहा आणि वीस यांतले अंतर हे शिकण्याच्या इच्छेचे आणि भीतीचे अंतर आहे. नळीच्या तोंडावर बसवायच्या 'ब्रेक'मुळे धक्का कमी होतो हे खरे, पण त्याने आवाज शेजारी उभ्या असलेल्यांच्या कानांवर अधिक जोराने आदळतो. १४० डेसिबलपेक्षा मोठा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि शिकारी रायफलीचा आवाज १५०च्या वर असतो. म्हणून कानांवरचे रक्षक, शक्यतो हळू बोलणे ऐकू येऊ देणारे विजेरी रक्षक, ही रायफलीबरोबर त्याच दिवशी घ्यायची वस्तू आहे.

काडतूस कोणते?

जिथे रायफलीला परवानगी आहे, तिथे पहिल्या रायफलीसाठी सर्वाधिक घेतले जाणारे नाव .२४३ विंचेस्टरचे. १९५५ साली आलेले हे काडतूस .३०८ची पुंगळी आवळून तयार झाले. ९५ ते १०० ग्रेनची योग्य गोळी वापरली आणि अंतर माफक ठेवले, तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ते पुरेसे आहे. त्याची मर्यादा ही, की नेम थोडा चुकला तर ते सांभाळून घेत नाही. १९८० साली आलेले ७ मिलिमीटर-०८ किंवा २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर थोडा अधिक धक्का देतात, पण मूल मोठे झाल्यावरही पुरतात. अंगापिंडाने भरलेल्या चौदा वर्षांच्या मुलासाठी यांपैकी एक घेणे किफायतशीर ठरते. ७ मिलिमीटर-०८साठी कमी धक्क्याची काडतुसेही मिळतात. पहिली दोन वर्षे ती आणि नंतर नेहमीची, असा मार्ग काढता येतो.

ओहायोसारख्या राज्यात सरळ पुंगळीच्या काडतुसांपैकी २०१९ साली आलेले .३५० लेजंड मुलांना झेपते. .४५० बुशमास्टर कायदेशीर असले तरी त्याचा धक्का नवख्याच्या खांद्यासाठी नाही. न्यू जर्सी वा मॅसॅच्युसेट्समध्ये स्लग वापरणारी २० गेजची शॉटगन हा नेहमीचा पर्याय असतो, पण हलक्या शॉटगनमधल्या स्लगचा धक्का .२४३हून बराच जास्त असतो, हे विसरू नये.

गोळी कशाची, हाही विचार करावा. शिशाची गोळी हरणाच्या अंगात फुटते तेव्हा तिचे सूक्ष्म कण मांसात दूरवर पसरतात. २००८ साली मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान केलेल्या हरणाच्या मांसात असे कण आढळले होते. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. शिशाचा अपाय मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वाधिक होतो. ज्या घरात ते मांस मुलेच खाणार, तिथे तांब्याच्या गोळीसाठी चार पैसे जास्त मोजणे योग्य.

रचना आणि सुरुवात

पहिल्या रायफलीची रचना अशी हवी, की ती भरलेली आहे की रिकामी, हे पालकाला दोन पावलांवरून दिसावे. बोल्ट मागे ओढून उघडी ठेवलेली रायफल किंवा मधोमध मोडून एकच काडतूस भरायची एकबारी, या दोन्ही प्रकारांत ते स्पष्ट दिसते. मोडून भरायच्या अनेक एकबारींना, तसेच जुन्या .३०-३० लिव्हर रायफलींना बाहेरचा घोडा असतो. तो अंगठ्याने मागे ओढावा आणि बार उडवायचा नसल्यास हळूच खाली आणावा लागतो. थंडीने बधिर झालेला लहानसा अंगठा त्यावरून निसटू शकतो. म्हणून घोड्याची रायफल घेण्यापूर्वी मुलाच्या अंगठ्यातले बळ रिकाम्या बंदुकीवर पारखावे. आपोआप पुढचे काडतूस भरणारी अर्धस्वयंचलित रायफल नवशिक्याच्या हाती देऊ नये. पहिल्या बारानंतर आनंदाच्या भरात वळलेल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक उरते. बोल्ट रायफलीतही पहिल्या हंगामात एकेकच काडतूस भरण्याची शिस्त ठेवावी.

हरणाच्या रायफलीआधी मात्र .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाचा मुक्काम घ्यावा. त्याला धक्का जवळजवळ नसतो, आवाज कमी असतो आणि काडतुसे स्वस्त असतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलीत कांस्यपदक पटकावले, ते याच जातीच्या काडतुसावर. हरणासाठी ते अपुरे आणि बेकायदा आहे, पण श्वास रोखणे, चाप हळूहळू दाबणे आणि बार उडाल्यावरही नजर लक्ष्यावर ठेवणे हे सारे शिक्षण त्यावरच होते. कित्येक महिन्यांनी मोठी रायफल हाती आली, की एका बैठकीत दहा-पंधराच बार काढावेत आणि मूल कंटाळण्यापूर्वी थांबावे. अधूनमधून मुलाच्या नकळत एखादे निर्जीव सरावी काडतूस भरून पाहावे. चाप ओढताना नळी दचकली, तर भीती अजून गेलेली नाही हे कळते आणि पुन्हा .२२कडे वळता येते.

शिकारीला नेण्याची कसोटीही साधी असावी. हरणाच्या काळजाचा आणि फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा, म्हणजे कागदी ताटलीएवढा. बाकावर नव्हे, तर मचाणावर बसतो तसे बसून, टेकूच्या आधाराने, मुलाने सलग पाच गोळ्या ज्या अंतरावरून त्या ताटलीत घातल्या, ते त्याचे त्या हंगामाचे अंतर. ते पन्नास यार्ड निघाले तर पन्नास. रायफलीच्या डब्यावर काय छापले आहे, याला इथे किंमत नाही.

कुलूप

हंगाम नऊ दिवसांचा असतो. उरलेले ३५६ दिवस ती रायफल घरात असते. खरी जोखीम त्या दिवसांची. अमेरिकेत २०२०पासून १ ते १९ वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे. त्यांत हत्या आणि अपघात आहेत, तशाच आत्महत्याही आहेत. परीक्षेचे अपयश, मैत्रीतला दुरावा, शाळेतली हेटाळणी यांनी खचलेल्या किशोरवयीन मुलाच्या मनातली लाट कित्येकदा काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे, यावर पुढचे आयुष्य ठरते. अभ्यासात पहिल्या आलेल्या मुलाच्या घरालाही यातून सूट नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, की मुलांसाठी सर्वांत सुरक्षित घर बंदूक नसलेले. आणि बंदूक असेलच, तर ती रिकामी करून कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली किंवा आकडा फक्त मोठ्यांकडे असावा. मुलाच्या वाढदिवसाची तारीख हा कपाटाचा आकडा असता कामा नये. घरात काही काळ ताण असेल, मूल उदास दिसत असेल, तर रायफल तात्पुरती घराबाहेर ठेवण्याची सोय करावी. काही दुकाने आणि पोलीस ठाणी अशी सोय देतात.

यातली हयगय आता केवळ नैतिक चूक राहिलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या गोळीबारात चार विद्यार्थी मृत्युमुखी पडले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी खरेदी केले होते. २०२४ साली न्यायालयाने आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये अल्पवयीनांच्या घरात बंदूक कुलपात ठेवणे बंधनकारक झाले. मुलाच्या हातातली बंदूक ही पालकाची बंदूक असते, हे तत्त्व आता न्यायालयाच्या निकालातही उतरले आहे.

शेवटचा निर्णय

इतकी तयारी झाल्यावरही एक गोष्ट उरते. मचाणावर तासन्तास थंडीत बसल्यावर खरोखरच हरीण समोर येते, दुर्बिणीत त्याचा श्वास दिसतो आणि मूल हळूच म्हणते, "नको." त्या क्षणी पालकाने रायफल शांतपणे आपल्या हाती घ्यावी, ती रिकामी करावी आणि मुलाला थर्मासमधले गरम कोको द्यावे. परवान्याचे पैसे, महिन्यांचा सराव, सोबतच्या अनुभवी मित्राची नजर, यांतले काहीही त्या 'नको'पेक्षा मोठे नाही. आणि बार उडाला, हरीण पडले आणि मूल रडले, तर तेही रडणे अडवू नये. अनेक मुरलेले शिकारी आपल्या पहिल्या हरणाविषयी बोलताना आजही आवाज खाली आणतात.

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही, त्या घरातल्या मुलाने शिकारीचा हट्ट धरला, तर आजी-आजोबांना फोनवर काय सांगायचे, हा प्रश्न कोणतीही नियमपुस्तिका सोडवत नाही. परंतु ज्या मुलाने चार नियम पाळले, वर्षभर कागदावर नेम धरला, हरणाचे शरीर कसे असते ते शिकून घेतले आणि मांस वाया जाऊ न देण्याची जबाबदारी समजून घेतली, त्या मुलाला जीव घेण्याचा अर्थ बाजारातून पाकीटबंद मांस आणणाऱ्या पुष्कळ मोठ्यांपेक्षा अधिक कळलेला असतो.

तेव्हा दुकानदाराने "कोणते कॅलिबर?" असे विचारण्यापूर्वी पालकाने स्वतःला विचारायचे प्रश्न असे: माझ्या व्हिसावर हे कायदेशीर आहे का? माझ्या राज्यात कोणते शस्त्र चालते? मी वर्ग केला आहे का? मुलाच्या अंगाचे माप मला ठाऊक आहे का? घरी कुलूप आहे का? या पाचांची उत्तरे हाती असली, तर सहावा प्रश्न, कोणती रायफल, हा सगळ्यांत सोपा निघतो. ती उत्तरे नसली, तर त्या हंगामात मुलाबरोबर नुसती दुर्बीण घेऊन जंगलात जावे. हरणे पुढच्या वर्षीही तिथेच असतील.